तिसरा रकाना

उपकेंद्राच्या पायरीवर बसून मी शब्द पाठ करते.
रेंज इथेच येते, तीही
हातपंपाकडे तोंड करून बसलं तर.
लसीकरणाच्या जुन्या रजिस्टरची मागची पानं,
त्यावर दोन रकाने:
डावीकडे माओरी, उजवीकडे आपलं.

शिकवणाऱ्या बाईंचं नाव मेरे.
आमच्या देवबा शिपायाने पहिल्या दिवशी विचारलं,
'मेरे? मेरे काय? पुढं सांगा ना.'

एजंट म्हणतो, व्हिसा दिवाळीनंतर.
न्यूझीलंडच्या कुठल्याशा वृद्धाश्रमात
म्हाताऱ्यांना त्यांच्या भाषेत
पाणी हवं का, एवढं तरी विचारता यावं.

तर वाय म्हणजे पाणी.
आणि वाय म्हणजे कोण, हेही.
को वाय कोए: तू कोण?
मेरेबाई म्हणाल्या, यात असंही ऐकू येतं,
कुठल्या पाण्याची तू?
मी मान हलवली.
आमच्या गावातही माणूस कोण ते
विहिरीवरूनच ठरायचं,
पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

ईवी म्हणजे जमात, ईवी म्हणजे हाड.
हे लगेच कळलं.
हाडाची नर्स म्हणतात मला इथे.

मग फेनुआ: जमीन.
लिहून पुढचा शब्द घेणार,
तर बाई म्हणाल्या, थांब,
अजून एक अर्थ आहे.
वार.
बाळामागून पडते ती.
आमच्याकडे दवाखाना ती घरच्यांना परत देतो,
ते आपल्या जमिनीत पुरतात.

मला जंगू टेकाम आठवली.
तालुक्याच्या दवाखान्यात होते तेव्हा,
पहाटे चारला मोकळी झाली. मुलगी, दोन किलो सातशे.
तिची सासू नवं मडकं घेऊन दाराशी उभी,
मडक्यात हळद, मूठभर तांदूळ.
'वार द्या ना वो सिस्टरबाई,
पोरीची माती तिकडं हाये.'
मी म्हटलं, नियम आहे.
पिवळ्या पिशवीत घातली, गाठ मारली,
आठच्या गाडीने पिशवी गेली.
म्हातारी मडकं रिकामंच घेऊन गेली,
हलकं असूनही दोन्ही हातांनी धरून.

माझी स्वतःची वार
आईने न्हाणीमागे पुरली होती,
कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर बाभळीचे काटे.
हे मला माहीत होतं.
गाठ मारताना माहीत होतं.

उजव्या रकान्यात मी 'जमीन' लिहिलं,
'वार' लिहिलं,
मधे स्वल्पविराम टाकला. मग तो खोडला.

या आठवड्याचा गृहपाठ: ओळख करून देणे.
आधी डोंगर, मग नदी, मग माणसं,
स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी.
नदी सोपी. को खुनी ते आवा.
खुनी माझी नदी.
मेरेबाईंनी कौतुकाने विचारलं, याचा अर्थ काय?
मी म्हटलं, रेंज जाते आहे.

डोंगर मात्र अडला.
गावामागची टेकडी,
सगळे तिला टेकडीच म्हणतात,
सातबाऱ्यावर तिचा नुसता गट नंबर.
संध्याकाळी लच्छू मडावींकडे गेले,
बीपी बघायच्या निमित्ताने.
पट्टा सोडता सोडता विचारलं,
आपल्या गोंडीत हिला काय म्हणत?

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.
'कनाक्याची पोर तू,' म्हणाले,
'अन् हे तुले तिकडच्या बाईनं विचारलं?'
मग सांगितलं. दोनदा.
दुसऱ्यांदा हळू, लहान मुलाला सांगावं तसं.

ते नाव मी इथे लिहीत नाही,
अजून तोंडात नीट बसत नाही.
पण रजिस्टरवर पट्टी ठेवून
तिसरा रकाना आखला आहे.
त्यात दोन शब्द झाले:
ते नाव, आणि येर.
येर म्हणजे पाणी,
एवढा मला आधीपासून यायचा.

शुक्रवारी बाजाराला जंगूच्या गावावरून जावं लागतं.
पोरगी आता चालत असेल.
जाऊन काय म्हणायचं,
त्याला अजून कुठल्याच रकान्यात
शब्द सापडलेला नाही.